वचनात खरंच तसं लिहिलंय का?

जय ख्रिस्त! यावेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच गोष्ट फिरून फिरून येतेय, गावं वेगळी, चर्च वेगळी, पण विषय तोच. सभेत किंवा यूट्यूबवर काहीतरी शिकवण ऐकलीय, मन मानत नाहीये, आणि विचारायचं कुणाला, मुळात विचारावं की नाही, हेच कळत नाहीये. म्हणून या अंकात तेवढेच प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न (पिंपरी) : ताई, माझ्या मिस्टरांची नोकरी दिवाळीपासून गेलीय, घराचा हप्ता चालू आहे, मी शिवणकाम करून कसंबसं भागवते. आमच्या पास्टरांनी बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावरून संदेश दिला की जो दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देत नाही तो देवाला लुटतो आणि त्याच्या घरावर शाप येतो. मी नंतर भेटून सांगितलं की सध्या काही उरतच नाही, तर म्हणाले आधी द्या, मग देव मार्ग उघडेल. मग मी घरी बायबल काढून वाचायला लागले आणि दोनतीन गोष्टी विचारल्या, तर म्हणाले देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाला, प्रश्न करायचे नसतात. तेव्हापासून झोप नाही. मी पाप करतेय का?

उत्तर : नाही, तुम्ही पाप करत नाही आहात. बायबल उघडून बघितलंत हे उत्तमच केलंत.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ काढा. थेस्सलनीकात दंगा झाला म्हणून तिथल्या विश्वासणाऱ्यांनी पौल आणि सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवून दिलं. हे गाव आजही आहे, उत्तर ग्रीसमध्ये, वेरिया म्हणतात त्याला. तिथल्या सभास्थानात पौल बोलला आणि लोकांनी काय केलं, तर मोठ्या उत्सुकतेने ऐकून घेतलं आणि रोज शास्त्रलेख काढून बघितलं की हा सांगतोय ते तसंच आहे का. अकरावं वचन. आता बघा, समोर कोण होता? पौल! ज्याची पत्रं आज आपल्या नव्या करारात आहेत तो पौल. त्याचं बोलणं लोक तपासून बघतायत आणि हे सगळं लिहून ठेवणारा लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, थेस्सलनीकाकरांपेक्षा मोठ्या मनाचे म्हणतो, आणि पुढच्याच वचनात सांगतो की त्यांच्यातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला, त्यात प्रतिष्ठित ग्रीक बायकाही होत्या. ज्यांनी तपासलं त्यांचाच विश्वास बसला. आणि त्यांच्याकडे घरोघरी बायबल नव्हतं हो, गुंडाळ्या सभास्थानात असायच्या, तिथे जाऊन वाचायला लागायचं. आपल्याकडे फोनवर आहे सगळं.

आता अभिषिक्ताचं. "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे स्तोत्र १०५ मधलं पंधरावं वचन. त्याच्या आधीची पाचसहा वचनं वाचा म्हणजे चित्र दिसेल : अब्राहाम, इसहाक, याकोब, मोजकीच माणसं, परक्या देशांतून भटकतायत, आणि देव तिथल्या राजांना बजावतोय की यांना इजा करू नका. सत्तेवाल्यांच्या हातून दुबळ्यांचं रक्षण करणारं वचन आहे हे! ते उलटं फिरवून मंडळीतल्या एका बाईला गप्प करायला वापरायचं, मला याचा फार त्रास होतो. दुसरा दाखला देतात दावीदाचा, की त्याने जीवावर उठलेल्या अभिषिक्त राजावर, शौलावर, हात उचलला नाही. खरंय, नाही उचलला. पण १ शमुवेल २४ पूर्ण वाचा, तोच दावीद गुहेतून बाहेर येऊन शौलाला हाक मारतो आणि सगळ्यांसमोर विचारतो की तू माझ्यामागे का लागलायस, लोकांचं का ऐकतोस, परमेश्वर तुझ्यामाझ्यात न्याय करो. हात लावणं वेगळं आणि विचारणं वेगळं. पौलाने तर अंत्युखियात पेत्राला, म्हणजे साक्षात प्रेषिताला, सगळ्यांदेखत चूक दाखवली आणि गलतीकरांच्या पत्रात ते स्वतःच लिहून ठेवलंय.

आता मलाखी. चारच अध्याय आहेत, पंधरावीस मिनिटांत होतात, आजच एका बैठकीत वाचून काढा. सुरुवातीलाच देव रागावलाय तो याजकांवर, आंधळी लंगडी जनावरं वेदीवर आणता म्हणून. दुसऱ्या अध्यायाची सुरुवातच "याजकांनो" अशी आहे आणि शापाची धमकी तिथे थेट त्यांनाच आहे. मग तिसरा अध्याय, दशांशाचा. हो, तिथे लुटण्याची आणि शापाची भाषा आहे, सगळ्या राष्ट्राला उद्देशून आहे, ते मी लपवणार नाही. पण त्याच अध्यायाचं पाचवं वचन संदेशात सहसा कुणी वाचत नाही : मजुराची मजुरी दाबणाऱ्यांच्या, विधवांना आणि अनाथांना गांजणाऱ्यांच्या विरुद्ध मी स्वतः साक्ष देईन असं देव म्हणतो. हे आधी, दशांश नंतर.

आणि तो दशांश काय होता तेही बघायला हवं. धान्य, द्राक्षारस, तेल. मंदिराच्या कोठारात जायचा कारण लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीचा वाटा नव्हता, नहेम्या १३ मध्ये दिलंय की वाटे मिळेनात म्हणून लेवी आपापल्या शेतांवर निघून गेले होते. अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे ताई, ज्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे ते घर त्या व्यवस्थेत घेणाऱ्यांच्या बाजूला होतं, ते वचन तुमच्या बाजूने उभं आहे!

नव्या करारात दशांश नाहीच असंही म्हणू नका, मत्तय २३ मध्ये पुदिना, शेप, जिरं यांच्या दशांशाबद्दल येशू बोलतो, न्याय आणि दया ही मोठी गोष्ट सोडू नका आणि तेही सोडू नका असं परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाला, सांगतो. ज्यांना दशांश द्यावासा वाटतो त्यांनी आनंदाने द्यावा, माझ्या ओळखीत अशी कितीतरी कुटुंबं आहेत. पण मंडळ्यांना दान कसं द्यायचं हे पौल सविस्तर सांगतो ते २ करिंथकर ८ आणि ९ मध्ये, आणि तिथे टक्केवारी नाही, शाप नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा जबरदस्तीने नाही, आणि जे आहे त्याप्रमाणे, जे नाही त्याप्रमाणे नाही. तुमच्याकडे सध्या नाही. झालं.

अजून एक. त्याच आठव्या अध्यायात पौल सांगतो की एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून त्याने सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतलाय. म्हणजे प्रेषितही हिशोबाला साक्षीदार ठेवत होता. आणि मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे कृत्ये २० मध्ये त्याच्याबरोबर निघालेल्यांची नावं दिलीत, अभ्यासकांच्या मते हीच मंडळी यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मदत घेऊन चालली होती, आणि त्यात पहिलं नाव आहे सोपत्र, बिरुयाचा! तपासून बघणाऱ्या गावचा माणूस.

मिस्टरांच्या नोकरीचं आणि शापाचं म्हणाल तर योहान ९ वाचा, जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो याचंही नाही आणि त्यांचंही नाही. पास्टरांशी बोलताना चिडू नका, मिस्टरांना सोबत न्या, मलाखी उघडून पुढ्यात ठेवा आणि म्हणा की पास्टर, आपण हे पहिल्यापासून एकत्र वाचू या. ते बसले तर फार छान, कदाचित त्यांनाही कुणी ते कधी पूर्ण वाचून दाखवलेलं नसेल. नाहीच बसले आणि पुन्हा शापाचंच भय घातलं तर मंडळीतल्या वडीलजनांशी बोला. आणि घराचा हप्ता बुडवून पाकीट भरू नका.

प्रश्न (जालना) : आईला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. एका प्रार्थना सभेत सांगितलं की यशया ५३ प्रमाणे त्याच्या फटक्यांनी आपण बरे झालोच आहोत, औषध घेणं म्हणजे अविश्वास. आई आता इंजेक्शन नको म्हणतेय. मी काय वाचून दाखवू?

उत्तर : वाचन नंतर, आधी आजच्या आज आईला तिच्या डॉक्टरांकडे ने. इन्सुलिन अचानक बंद केल्यावर शुगर इतकी वाढू शकते की जीवावर बेतेल. खूप तहान, उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मग आईशेजारी शांतपणे बस आणि तिचंच बायबल उघड. यशयाच म्हणतायत ना, तर यशयाच काढ, अध्याय ३८. हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे, रडून प्रार्थना करतो, देव त्याला १५ वर्षं वाढवून देतो, एवढं थेट वचन मिळालंय, आणि तरी त्याच अध्यायाच्या शेवटी यशया काय सांगतो, अंजिरांची चांदकी (लगदा) करून गळवावर बांधा म्हणजे तो बरा होईल! त्या काळातलं औषधच ते. प्रार्थना पण आणि लेप पण, आणि सांगणारा तोच यशया.

पुढे बघ. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याच्या पोटाची तक्रार होती आणि वारंवार आजारी पडायचा, तर पौल त्याला लिहितो की नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे. तुझा विश्वास कमी पडतोय असं म्हणत नाही. त्रफिम नावाच्या सोबत्याला तर आजारी अवस्थेतच मिलेतात ठेवून त्याला पुढे जावं लागलं, हे २ तीमथ्य ४ मध्ये आहे, आणि ज्याच्या हातून लोक बरे झाले तोच हा पौल. त्याचा सोबती लूक वैद्य होता, प्रिय वैद्य म्हणतो तो त्याला कलस्सैकरांच्या पत्रात.

यशया ५३ बद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर मत्तय ८ मध्ये त्यातलं चौथं वचन येशूने रोग्यांना बरं केलं त्या संदर्भात आलंय, आणि फटक्यांचं वचन पेत्राच्या पहिल्या पत्रात येतं ते आपली पापं त्याने वाहिली या संदर्भात. देव बरं करतो हे मी मनापासून मानते आणि आईसाठी प्रार्थनाही करते. पण दहा कुष्ठरोग्यांना येशूने काय सांगितलं होतं? जा आणि याजकांना दाखवा, कारण बरं झालंय की नाही हे बघण्याचं काम नियमशास्त्राने त्यांच्याकडे दिलेलं होतं. आईला म्हण, देवाने बरं केलं असेल तर रिपोर्टमध्ये दिसेल आणि डॉक्टर स्वतःच डोस कमी करतील, तोपर्यंत इंजेक्शन चालू राहू दे.

प्रश्न (वसई) : मी २२ वर्षांची आहे, कॅथलिक. कॉलेजच्या मैत्रिणीमुळे रोज बायबल वाचायला लागले. आजी म्हणते हे आपलं काम नाही, फादर सांगतात तेवढं पुरे, स्वतः अर्थ लावणारे चर्च सोडून जातात. आजीचं बरोबर आहे का?

उत्तर : आजीच्या काळजीत तथ्य आहे, त्यामुळे तिला उडवून लावू नकोस. पण वाचणं आपलं काम नाही हे मात्र चर्चचंच म्हणणं नाहीये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ ला दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज जाहीर केला, त्यात सगळ्याच श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र वारंवार वाचायला कळकळीने सांगितलंय आणि संत जेरोम यांचं म्हणणं तिथे दिलंय की शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचंच अज्ञान. आजीचं लहानपण बहुतेक त्याच्या आधीचं, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, घरात बायबल क्वचित असायचं, तर तिला असं वाटणं साहजिक आहे. आता तर तुमच्या वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आहे, ते आजीला वाचून दाखव ना, रोज संध्याकाळी एक परिच्छेद, तिला नक्की आवडेल.

एकट्याने अर्थ लावण्याबद्दलची तिची भीती मात्र शास्त्रातही आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात म्हटलंय की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत आणि काही लोक त्यांचा विपरीत अर्थ करतात. कृत्ये ८ मध्ये कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प विचारतो समजतंय का, तर तो म्हणतो कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. अपुल्लो एवढा शास्त्रात निपुण, त्यालाही प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाने घरी नेऊन नीट समजावलं. कॅथलिक परंपरा म्हणते की चर्चच्या शिकवणीच्या सोबतीने वाचा, तर तू फादरांनाच प्रश्न घेऊन जा, वहीत लिहून ने. मन लावून प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं बहुतेक फादरांना कौतुकच वाटेल.

आणि प्रश्न विचारले म्हणजे माणूस गेलाच असं नसतं गं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन चर्चमध्ये. दोनच वर्षांनी त्यांची तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेली पत्रं बघितली तर त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) कितीतरी मुद्द्यांवर त्या अडून बसल्यात, हे शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवून आलेय ते दुसरं मानेवर घ्यायला नाही. सिस्टरना त्यात हट्ट आणि गर्व दिसला. मला त्यात एक फार प्रामाणिक बाई दिसते. पंचविशी उलटलेली, परक्या देशात, लहान मुलगी पदरात, त्यांच्याच आश्रयाला राहिलेली, आणि तरी न पटलेल्या गोष्टीला हो म्हणत नाही. त्या गेल्या का सोडून? केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि हिब्रू ग्रीक शिकून शेवटची कितीतरी वर्षं अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली, बाईमाणसाला, कमी शिकलेल्याला समजावं म्हणून. १९२२ मध्ये त्या वारल्या, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं. आजीला ही गोष्ट सांग.

प्रश्न (ठाणे) : व्हॉट्सअपवर एका सेवकाचा व्हिडिओ आलाय, प्रभूच्या येण्याची तारीख सांगतात, म्हणतात मला प्रकटीकरण झालंय. आमच्या ग्रुपमधले काहीजण नोकरी सोडायचं म्हणतायत.

उत्तर : मत्तय २४:३६, त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. कृत्ये १:७, काळ वेळ जाणणं तुमच्याकडे नाही. एवढ्यावर खरं तर विषय संपतो. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या शिकवणीवरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ या तारखेची वाट बघत होते, माणसं प्रामाणिक होती, बायबलमधूनच आकडेमोड केलेली होती, काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, आणि तो दिवस आला तसा गेला. ग्रुपवर सांगा की राजीनामा देऊ नका, व्हिडिओ पुढे पाठवू नका. आणि थेस्सलनीकाकरांचं दुसरं पत्र वाचा, तिथेही दिवस आलाच म्हणून गडबड उडाली होती आणि पौल त्यांना म्हणतो शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकरी खा.

प्रश्न (अहिल्यानगर) : आम्ही सातआठ तरुण दर शनिवारी जमतो, आम्हाला शिकवण तपासायला शिकायचंय. पण आम्ही कुणीच बायबल कॉलेजला गेलेलो नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : भिंतीवरच्या कॅलेंडरवरून करा, अगदी मनापासून सांगतेय. आपल्या घराघरात यिर्मया २९:११ लटकलेलं असतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देण्याचे आहेत. एका शनिवारी यिर्मया २८ आणि २९ हे दोन अध्याय सलग मोठ्याने वाचा, मध्ये कुणी काही समजावायचं नाही.

तुम्हाला दिसेल की हे पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार, बाबेलचं जू मोडलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मया स्वतः म्हणतो आमेन, परमेश्वर असं करो. पण पुढे म्हणतो, शांतीचा संदेश देणारा खरा की नाही हे ते घडल्यावर कळेल. मग तो पत्र लिहितो की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण परत यायच्या आधीच वारणार. आणि मग ते अकरावं वचन येतं. त्याच्या फक्त तीन वचनं आधी काय आहे बघा : तुमच्यातल्या संदेष्ट्यांनी तुम्हाला फसवू नये, मी त्यांना पाठवलेलं नाही. कॅलेंडरवर हे छापत नाहीत.

मला स्वतःला ते वचन असं पूर्ण वाचल्यावर जास्त धीर देतं, कारण सत्तर वर्षांच्या अंधारात बसलेल्या माणसालाही देव विसरलेला नाही असं ते सांगतं. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, तर त्यावर बोला, वाद घाला, फक्त बोट वचनावर ठेवून घाला.

एवढं केलंत की पद्धत हातात आलीच समजा. हे कुणी कुणाला लिहिलंय, आधी काय आहे, पुढे काय आहे, आणि दुसरीकडे शास्त्र याच विषयावर काय म्हणतं. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, येशूची परीक्षा घेताना मंदिराच्या टोकावर सैतानाने स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवलं होतं आणि येशूचं उत्तर होतं की असंही लिहिलंय. पुढच्या शनिवारी फिलिप्पैकरांचं पूर्ण पत्र घ्या, चारच अध्याय आहेत, आणि "मी सर्व काही करण्यास समर्थ आहे" हे म्हणणारा माणूस बेड्यांत होता आणि भूक सोसायला शिकलो असं आदल्याच वचनात सांगत होता हे मुलांना स्वतः सापडू द्या, तुम्ही सांगू नका.

बायबल कॉलेजचं टेन्शन घेऊ नका, पण मंडळीतल्या एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा नक्की बोलवा, अडलेलं विचारा. ग्रुपमध्ये एकाचंच बोलणं चालायला लागलं तर थांबवा, १ करिंथकर १४ मध्ये दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी असं आहे. ज्याने ग्रुप सुरू केला त्याचंही तपासा, आणि मी वर जे लिहिलंय तेही, संदर्भ सगळे दिलेच आहेत.